घरगाडीची मोरी

घरातल्या सिंकमधून पाणी जात नसेल तर नवऱ्याने प्लंबरला फोन करायचा असतो आणि प्लंबर येईपर्यंत बायकोचं ऐकून घ्यायचं असतं. एवढा संसार मला येतो. पण सिंक गाडीत असेल तर काय करायचं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आमची गाडी म्हणजे मोटारहोम. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे पलंग, मध्ये शेगडी आणि सिंक, आणि त्याच्या शेजारी एक माणूस पोट आत घेऊन उभा राहील एवढं न्हाणीघर. गाडी सेकंडहँड. ती का घेतली, कुणाला विचारून घेतली, हे प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारून झालेले आहेत, तेव्हा ते आता पुन्हा नकोत. बिल्डिंगमधले लोक तिला ‘घरगाडी’ म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला ‘मोटारहोम’ म्हणायला शिकवत होतो. आता मीही घरगाडीच म्हणतो.

तर या घरगाडीच्या सिंकमधून पाणी जात नव्हतं. म्हणजे अगदीच जात नव्हतं असं नाही. अगदीच गेलं नसतं तर परवडलं असतं, काहीतरी अडकलंय म्हणून माणूस निदान खात्रीने बोंब मारू शकतो. इथे एक कप विसळला की पाणी सिंकमध्ये बैठक मारायचं, जरा वेळ विचार करायचं, मग ‘गुळुक’ असा आवाज काढून थोडंसं खाली उतरायचं आणि पुन्हा थांबायचं. त्याच वेळी शेजारच्या न्हाणीघराच्या मोरीतून बुडबुडे यायचे. अंघोळीला उभं राहिलं तर पाणी घोट्याच्या वर. मी तशी एक अंघोळ केली. स्वतःच्याच साबणाच्या पाण्यात उभं राहून स्वच्छ होता येत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

आता एवढ्याशा गोष्टीवरून इतका गहजब कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आहे, आणि कारण आमची ही आहे.

लग्न झाल्यापासून आम्ही सुट्टीत बाहेरगावी गेलो ते नेहमी कुणाच्या तरी घरी. आणि कुणाच्या तरी घरी म्हणजे मुख्यतः माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. आक्का फार प्रेमळ. आम्ही यायचं म्हटलं की बाकीच्या नातलगांनाही बोलावून घेते, घर भरून जातं. आम्ही पुरुषमंडळी व्हरांड्यात गप्पा छाटत बसतो, आणि आक्का, आमची ही आणि आणखी दोघी-तिघी सकाळपासून स्वयंपाकघरात. मला ते दृश्य नेहमी फार गोड वाटायचं. एकदा परत येताना मी हिला म्हटलं, ‘‘छान आराम झाला, नाही?’’

ही म्हणाली, ‘‘सुट्टीत तुमचं ऑफिस बंद असतं. माझा फक्त ओटा बदलतो.’’

गाडी त्या वाक्यामुळे घेतली. बाकी कुणाला सांगायचं नाही, पण खरं कारण तेच. शनिवारी सकाळी निघायचं, एका तळ्याकाठी अशा गाड्या उभ्या करायची जागा आहे तिथे मुक्काम टाकायचा, आणि कुणाच्याही घरी उतरायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. त्या जागेच्या मॅनेजरने फोनवर बजावून सांगितलं होतं की भांड्यांचं पाणी गाडीखालच्या टाकीतच गेलं पाहिजे, बाहेर एक थेंब सांडलेला चालणार नाही.

‘‘आणि नाहीच गेलं पाणी तर?’’ मी हिला विचारलं.

‘‘तर आक्कांकडे जाऊ. आणि मग ही गाडी विकून टाका.’’

ही हे शांतपणे म्हणाली. ही मोठ्याने बोलते तेव्हा काळजीचं काही कारण नसतं.

इकडे आक्काचा रोज संध्याकाळी फोन. ‘‘काय रे बाळ्या, येताय ना? गाद्या उन्हात घालून ठेवल्यात.’’ मी आपला ‘बघतो’, ‘गाडीचं जरा काम निघालंय’, ‘कळवतो’ असं काहीबाही पुटपुटायचो. आक्काला सरळ नाही म्हणायची माझी लहानपणापासून प्राज्ञा नाही. तिने मला कडेवर घेऊन फिरवलंय आणि त्याचा उल्लेख ती अजून करते.

तर सोमवारी संध्याकाळी मी दुरुस्तीला हात घातला. आमच्या बिल्डिंगमध्ये गुपचूप काही करायची सोय नाही. मी गाडीचं दार उघडून आत बादली नेली, एवढ्यावरून समोरच्या वहिनींना सगळं कळलं. त्या लगेच खायचा सोडा आणि व्हिनेगरची बाटली घेऊन खाली आल्या. ‘‘आमच्या यांच्या आईंचं बेसिन असंच होतं. हे घाला, अर्धा तास गप्प बसा.’’ मी घातलं आणि गप्प बसलो. सिंकमध्ये काहीच झालं नाही. न्हाणीघरात मात्र मोरीतून पांढरा फेस वर आला, उंबरा ओलांडून बाहेर आला आणि माझ्या ऑफिसच्या बुटांपर्यंत पोचला. वहिनी म्हणाल्या, ‘‘म्हणजे काम करतंय!’’ आणि बाटली तिथेच ठेवून निघून गेल्या.

मंगळवारी वरच्या मजल्यावरचे काका उतरले. त्यांनी उभी नोकरी पूल बांधण्यात घालवली, म्हणून आम्ही त्यांना पूलवाले काका म्हणतो. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला पूल मिळालेला नाही, त्यामुळे ते कुणाच्याही कुठल्याही कामात लक्ष घालतात. त्यांनी आणलेली पातळी, म्हणजे उतार तपासायची बुडबुड्याची पट्टी, ओट्यावर ठेवली, तिच्यातला बुडबुडा बराच वेळ निरखला आणि निदान केलं, ‘‘उतार नाही. पाणी उताराकडे जातं. तुमचं पाणी गोंधळलंय.’’

‘‘मग?’’

‘‘गाडी पुढून उचलायची.’’

आम्ही पुढच्या चाकांखाली फळ्या घातल्या. काका बोटाने दाखवत होते, फळ्या मी घालत होतो. गाडी ऐटीत नाक वर करून उभी राहिली. मग काका म्हणाले, ‘‘आता सोडा पाणी.’’ मी सोडलं. त्याबरोबर टाकीत आदल्या दिवशीचं, त्याच्या आदल्या दिवशीचं, आणि वासावरून म्हणायचं तर आधीच्या मालकाच्याही काळातलं जे काही होतं, ते न्हाणीघराच्या मोरीतून वर आलं आणि पलंगाखाली गेलं. मी नाकाला रुमाल लावून बाहेर आलो. काका पातळी पुसून खिशात ठेवत होते. ते समाधानाने म्हणाले, ‘‘म्हणजे उताराने पाणी जातं, एवढं तरी सिद्ध झालं.’’

फडकं, फिनेल आणि मी, असं तिघांना आत सोडून हिने दार लावून घेतलं.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली. ‘‘इंजिन?’’

‘‘उत्तम.’’

‘‘ब्रेक?’’

‘‘उत्तम.’’

‘‘मग आलात कशाला?’’

‘‘सिंक तुंबलंय,’’ मी शक्य तितक्या हळू सांगितलं. पण गॅरेजवाल्याने हात पुसले आणि मागे वळून मोठ्याने आपल्या लोकांना सांगितलं, ‘‘ऐका रे, साहेबांच्या गाडीचं सिंक तुंबलंय!’’ सगळे गाड्यांखालून बाहेर आले. इतक्या आदराने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग तो मला समजावत म्हणाला, ‘‘साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण चाकाशी संबंध असेल ते आमचं. हे भांड्यांचं काम. प्लंबर बोलवा.’’

प्लंबर आला. त्याने आधी नंबरप्लेट वाचली. ‘‘ही गाडी आहे.’’

‘‘हो, पण आत सिंक आहे ना!’’

‘‘असेल. पण भिंत कुठाय? पाइप मी भिंतीला धरून बसवतो. उद्या तुम्ही करकचून ब्रेक मारणार, माझा जोड निखळणार, आणि नाव कुणाचं जाणार?’’

मला त्याच्यावर रागावता येईना. मी विमा कंपनीत दावे खात्यात आहे. लोकांचं नुकसान झालं की ते आमच्याकडे येतात, आणि ते नुकसान आमच्या कुठल्याच कलमात कसं बसत नाही हे मी त्यांना समजावून सांगतो. गॅरेजवाला आणि प्लंबर या दोघांनी मिळून माझं काम इतकं सफाईने केलं होतं की दोघांनाही आमच्या ऑफिसात घ्यावं असं वाटून गेलं.

म्हणजे आता स्वतःच करायचं. सिंकखाली एक वळलेला पाइप असतो, तो उघडून साफ करायचा, एवढंच. मी पाने, पक्कड, हातोडी असा सरंजाम काढला आणि पहिला ठोका घातला. दुसरा ठोका घालायच्या आत सेक्रेटरी दारात.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मनाने चांगले आहेत, फक्त नियम दिसला की त्यांना राहवत नाही. ‘‘पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला बंदी आहे,’’ ते म्हणाले.

‘‘ही गाडीची दुरुस्ती नाही हो, सिंकची आहे.’’

‘‘सिंक म्हणजे घर. मग पार्किंगमध्ये घर बांधायला तुम्हाला परवानगी दिली कुणी?’’

गुरुवारी संध्याकाळी यावर कमिटीची तातडीची सभा झाली. सभेला मी होतो, ही होती, पूलवाले काका आणि समोरच्या वहिनी होत्या. गाडी की घर, यावर इतकी चर्चा झाली की मध्ये दोनदा चहा झाला. वहिनी म्हणाल्या, ‘‘आत पलंग आहे, म्हणजे घर.’’ काका म्हणाले, ‘‘पाया नाही, म्हणजे घर नाही.’’ माझं मत कुणी विचारलं नाही. शेवटी सेक्रेटरींनी निर्णय वाचून दाखवला: सदर वस्तू हलत असताना गाडी समजण्यात यावी आणि उभी असताना घर समजण्यात यावी. उभी असताना तिच्यात कुठलंही ठोकाठोकीचं काम करायचं झाल्यास कमिटीची पूर्वपरवानगी लागेल, आणि परवानगीचा विचार पुढच्या महिन्याच्या सभेत होईल.

‘‘आणि हलत असताना?’’ हिने विचारलं.

सेक्रेटरी जरा गडबडले. त्यांनी कागद उलटून पाहिला. ‘‘हलत असताना... त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.’’

ही उठली. ‘‘चला हो,’’ मला म्हणाली, ‘‘किल्ली द्या.’’

यापुढे जे झालं त्याला माझी संमती होती असं माझ्या विरोधात नेहमी सांगितलं जातं. संमती विचारलीच नव्हती. शुक्रवारी सकाळी ही ड्रायव्हरच्या सीटवर बसली, मी सिंकखाली पाठीवर झोपलो, पाय दारातून बाहेर, आणि घरगाडी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारू लागली. माणूस चालतो त्यापेक्षा हळू, पण थांबायचं नाही. थांबली की घर! चाकं खरोखर फिरताहेत ना हे बघायला सेक्रेटरी शेजारून चालत होते. काका दुसऱ्या बाजूने चालत खिडकीतून सूचना देत होते. ‘‘डावीकडे पिळा! नाही, माझ्या डावीकडे!’’ गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

‘‘काय झालं हो त्यांना?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘काही नाही, सिंक दुरुस्त करतायत.’’

‘‘असं?’’

‘‘नियम आहे.’’

माझ्या पायांना मधूनमधून कुणी कुणी शुभेच्छाही दिल्या. आजारी माणसाच्या पायांशी उभं राहून बोलतात तसं ते चाललं होतं. मी तीन आटे काढले, चौथा निघेना. मी दोन्ही हातांनी पाना धरून जोर लावला आणि नेमकं त्याच क्षणी हिने कोपऱ्यावर वळण घेतलं. पाइप सुटला. सिंकमध्ये तुंबून राहिलेलं सगळं पाणी अजिबात न तुंबता माझ्या तोंडावर आलं.

‘‘गेलं का पाणी?’’ हिने पुढून विचारलं.

‘‘गेलं,’’ मी म्हटलं. तोंडात होतं ते थुंकून म्हटलं.

आणि मग ऐका. ही हसायला लागली. आरशातून मला बघत, एका हाताने स्टिअरिंग धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मी सिंकखाली ओलाचिंब पडलो होतो, माझी अब्रू बिल्डिंगच्या चारी बाजूंनी मोजून फिरवली जात होती, आणि तरी मला बरं वाटलं. हिला असं हसताना बघून बरेच दिवस झाले होते.

पाइप साफ निघाला. आत काही म्हणजे काही नव्हतं, साधं भाताचं शीतसुद्धा नाही. तो पुन्हा बसवला, एक वायसर उरला, तो कुठला हे अजून कळलेलं नाही. पाणी सोडून पाहिलं. पाणी बसलं, विचार केला, ‘गुळुक’ म्हणालं.

दुपारी हिने गाडीतले कपडे बाहेर काढायला सुरुवात केली. दोन घडीच्या खुर्च्या होत्या, तळ्याकाठी बसायला म्हणून मुद्दाम घेतलेल्या, त्या तिने वर नेऊन कपाटावर ठेवल्या. मग स्वयंपाकघरातला जुना एप्रन घडी करून आक्काकडे न्यायच्या पिशवीत घातला. मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. ही चिडली असती तर मी भांडलो असतो, पण ती नुसती एप्रनच्या घडीवरून हात फिरवत होती.

मी खाली आलो. खाली पूलवाले काका नवी कल्पना घेऊन उभे होते. त्यांना चुकवून मी गाडीच्या मागची शिडी चढलो आणि छतावर जाऊन आडवा झालो. छत गरम होतं, वारा होता, आणि तिथे कुणीही सल्ला द्यायला येत नव्हतं. इतकी उत्तम जागा आपल्या मालकीची आहे हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं. मी उशाला हात घेतले. खालून भांड्यांचा आवाज आला. ही शेवटचे कप विसळून गाडी बंद करायला आली असावी. नळ सुटल्याचं ऐकू आलं.

आणि माझ्या डोक्याशी काहीतरी हललं.

छताच्या कडेला एक आखूड पाइप वर आलेला होता. त्याच्या तोंडावर एक प्लास्टिकची पिशवी होती, धुऊन वाळवलेली, आणि तिला रबरबँडचे तीन घट्ट वेढे. खाली नळ चालू होता आणि ही पिशवी हळूहळू फुगत होती. चांगली टम्म फुगली. खाली ‘गुळुक’ झालं आणि पिशवी जराशी बसली. पुन्हा फुगली. मी कोपरावर उठून बसलो आणि बघत राहिलो.

गाडीखालची टाकी बंद असते. तिच्यात पाणी शिरायचं तर आतली हवा कुठूनतरी बाहेर पडायला हवी, आणि ती पडावी म्हणून हा पाइप छतापर्यंत आणलेला. त्याचं तोंड बांधलं, की हवेला सिंकमधून नाहीतर मोरीतूनच परत यावं लागतं आणि खाली जाणारं पाणी आणि वर येणारी हवा यांची त्या एवढ्याशा भोकात झोंबाझोंबी चालते. एवढंच होतं. आठवडाभर आम्ही पाण्याला शिव्या घालत होतो आणि बिचाऱ्या पाण्याचा काही दोष नव्हता.

आता पिशवी कुणी बांधली, हे शोधायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. तीन वेढे घालून शेवटचा उलटा अडकवायचा, ही पद्धत जगात एकाच बाईची आहे. आमच्या घरात एकही तोंड उघडं राहत नाही. बरण्या, बाटल्या, पेनं, सगळ्यांना पिशव्या आणि रबरबँड. गाडी आणली त्या दिवशी ही तिला वरपासून खालपर्यंत पुसत होती, तेव्हा हे उघडं भोक तिला दिसलं असणार, आणि आत पाल पडेल म्हणून तिने ते बांधून टाकलं असणार.

मी रबरबँड काढला. पिशवी सुटली, आणि टाकीतला आठवडाभराचा कोंडलेला वास थेट माझ्या नाकात आला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण खाली, अगदी त्याच क्षणी, ‘सर्रर्र’ असा लांबलचक आवाज झाला आणि त्यामागून हिची किंकाळी. ‘‘गेलं! अहो, गेलं! सगळं गेलं!’’

मला तुम्ही विचाराल तर संसारात असा क्षण माणसाला एकदाच मिळतो. फेस, फिनेल, फेऱ्या, तोंडावरचं पाणी, सगळ्याचं एका वाक्यात उट्टं निघालं असतं. वाक्य तयारही होतं. मी पिशवी हातात घेऊन शिडीवरून उतरायला लागलो. ही दारात उभी होती, ओले हात, लालबुंद चेहरा, आणि वर गॅलऱ्यांकडे बघून सगळ्या बिल्डिंगला ओरडून सांगत होती, ‘‘यांनी केलं हो! आमच्या यांनी केलं! ना गॅरेजवाला, ना प्लंबर, यांनी एकट्यांनी केलं!’’

मी पिशवी खिशात घातली.

‘‘काय होतं हो?’’ तिने विचारलं.

‘‘हवा अडकली होती.’’

‘‘मी म्हटलंच होतं,’’ पूलवाले काका म्हणाले. वहिनी वरून म्हणाल्या की सोड्यानेच सैल झालं असणार. सेक्रेटरी आले आणि त्यांनी चाकांकडे संशयाने पाहिलं. ‘‘ही दुरुस्ती उभ्या अवस्थेत झाली का?’’

‘‘दुरुस्ती कसली? मी छतावर नुसता झोपलो होतो,’’ मी म्हटलं. यावर नियम नव्हता.

संध्याकाळी मी त्या पाइपच्या तोंडावर बारीक जाळी बसवली. ही खुर्च्या परत गाडीत ठेवत होती, ती वर बघून म्हणाली, ‘‘तिथे मी पिशवी बांधली होती ना, ती कुठे गेली?’’

‘‘वाऱ्याने उडाली असेल.’’

‘‘बरं झालं जाळी लावलीत. पिशवी काय टिकते!’’

मी फार थोर माणूस आहे असा गैरसमज नको. पिशवी मी जपून ठेवली आहे. हुकमाचा पत्ता असा सहज टाकून देत नसतात, कधीतरी मोठं भांडण होईलच.

शनिवारी आम्ही निघालो आणि ऊन कलायच्या आत तळ्याकाठी पोचलोही. मॅनेजरने गाडीखाली वाकून पाहिलं, एक थेंब सापडला नाही. एका खुर्चीत ही बसली, दुसरीवर तिने पाय ठेवले आणि पाण्याकडे बघत राहिली. मी आत कप विसळत होतो. भांडी माझ्याकडे, हे मीच कबूल केलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, पाणी असं सरळ जाताना बघायला मजा येत होती, म्हणून मी स्वच्छ कपही पुन्हा विसळत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. आक्का.

‘‘तुम्ही त्यांना सांगितलं ना?’’ ही बाहेरून म्हणाली. मी धुतलेला कप पुन्हा विसळायला घेतला. ‘‘अहो! सांगितलं नाहीत अजून? त्या वाट बघत असतील!’’

ओल्या हाताने मी फोन कानाला लावला. ‘‘आक्का,’’ मी म्हटलं आणि एका दमात सगळं बाहेर काढलं. ‘‘आम्ही या वेळी नाही येत. गाडी घेऊन तळ्यावर आलोय. दोघंच. तुला आधीच सांगायला हवं होतं, पण धीर होईना. रागावू नकोस.’’

मग आक्का म्हणाली, ‘‘खरंच नाही येत?’’

‘‘खरंच.’’

‘‘म्हणजे उद्या-परवा येतो, असंही नाही ना?’’

‘‘नाही.’’

मग तिने फोन बाजूला धरला असावा. पण आक्काचा आवाज काही फोन बाजूला धरल्याने कमी होत नाही. ‘‘अहो, ऐकलंत का? येत नाहीयेत ते! त्या गाद्या ठेवा उचलून! आणि बाकीच्यांनाही कळवून टाका. मी आज चूल पेटवणार नाहीये, सांगून ठेवते!’’ आणि ती हसली. मोकळी, खुदखुदून. लहानपणी आई बाहेर गेली की आक्का अशी हसायची.

मग ती फोनवर परत आली, आवाज जड करून. ‘‘फार वाईट वाटलं हो बाळ्या.’’

‘‘आक्का, मला सगळं ऐकू आलं.’’

मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, ‘‘तुम्ही आलात की मला आनंद होतो रे, शपथ. पण तुम्ही येता आणि मी तुम्हाला बघतच नाही. सारखी ओट्याकडे तोंड. तुझी बायको शेजारी उभी असते, तिचंही तोंड ओट्याकडे. इतकी वर्षं झाली, आम्ही दोघी कधी समोरासमोर बसून बोललोय का, आठवून बघ.’’

मला आठवेना. आक्का दमते, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, आणि हिलाही नसावं. ही कधी खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

‘‘आक्का, तुम्ही इकडे या. उद्याच या. तुमच्याकडून फार लांब नाही.’’

‘‘अगं, त्या गाडीत जागा ती केवढी!’’

‘‘झोपायला दोघांपुरती. बसायला हवी तेवढी.’’

‘‘मग येताना काय करून आणू?’’

‘‘काही करायचं नाही. काही करून आणलंत तर दारातून परत पाठवीन.’’

‘‘आणि भांडी गं?’’

‘‘तुमचे भाऊ घासतात,’’ ही म्हणाली. ‘‘छान घासतात.’’

मग पलीकडे आक्काने लांबून विचारल्याचं ऐकू आलं, ‘‘अहो, माझी ती निळी साडी कुठाय?’’

दुसऱ्या दिवशी आक्का आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, आले. आक्का निळी साडी नेसून आणि रिकाम्या हातांनी आली, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला पहिला तासभर कळत नव्हतं. दोनदा उठून ती आत आली, दोन्ही वेळा हिने तिला दंड धरून बाहेर नेऊन बसवलं. मग मात्र ती बसली. सिंकच्या वरच्या खिडकीतून मला त्या दोघी दिसत होत्या, खुर्च्या एकमेकींकडे वळवून, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं, पण हसण्यावरून विषय मी आणि भाऊजी असणार.

‘‘चहा करू का?’’ मी खिडकीतून ओरडलो.

दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही. ‘‘कर,’’ आक्का म्हणाली. ‘‘आणि यांना घे कप पुसायला.’’

भाऊजी पोट आत घेऊन सिंकपाशी आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मी त्यांच्या हातात फडकं दिलं. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच मला विचारलं, ‘‘हे ओलं करून घ्यायचं असतं की कोरडंच?’’